टेंडर ऑनलाइन झालं, मग रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडतो? गावच्या सरकारी खरेदीचं गणित समजून घ्या

गावात नवीन सिमेंट रस्त्याचं काम सुरू होतं. नारळ फुटतो, फोटो निघतात, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज पडतात. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच रस्त्याची खडी वर येते. मग पारावर चर्चा सुरू: "टेंडर मॅनेज होतं", "गुत्तेदाराने पैसे खाल्ले", "बिलो टाकून घेतलं होतं काम". यातलं थोडं खरं असतं, थोडा नुसता अंदाज असतो. पण नेमका पैसा कुठे गळतो हे फार कमी लोकांना सांगता येतं.

सरकार जे जे विकत घेतं किंवा बांधून घेतं, म्हणजे रस्ता, शाळाखोली, पाण्याची मोटर, एलईडी दिवे, ब्लिचिंग पावडर, दवाखान्यातली औषधं, ते सगळं सरकारी खरेदीत येतं. जागतिक बँकेच्या हिशोबाने जगाच्या एकूण उत्पन्नातले साधारण १२ टक्के पैसे या मार्गाने खर्च होतात. ही पद्धत सुधारण्यासाठी गेल्या पंचवीस वर्षांत भारतासह अनेक विकसनशील देशांनी बरेच प्रयत्न केले. काही कामी आले, काही आले नाहीत. आपल्या गावच्या रस्त्याशी त्यांचा काय संबंध, ते पाहू.

आधी कामाचा प्रवास

कोणतंही काम साधारण या क्रमाने जातं.

१. अंदाजपत्रक (इस्टिमेट): अभियंता कामाची लांबी, रुंदी, जाडी धरून आणि सरकारी दरसूचीचे भाव लावून खर्च काढतो.

२. मान्यता: प्रशासकीय मान्यता म्हणजे काम करायला आणि पैशाला मंजुरी. तांत्रिक मान्यता म्हणजे आराखडा आणि अंदाजपत्रक बरोबर असल्याची अभियंत्याची मंजुरी.

३. निविदा (टेंडर): ठरलेल्या रकमेच्या वरच्या कामाला ऑनलाइन निविदा लागते. राज्यात ती 'महाटेंडर्स' या सरकारी पोर्टलवर निघते. लहान खरेदी दरपत्रकं (कोटेशन) मागवून होते. काही लहान कामं काम वाटप समितीमार्फत सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्थांना दिली जातात. ऑनलाइन निविदेची मर्यादा शासन निर्णयाने वेळोवेळी बदलते. त्यामुळे आपलं काम मंजूर झालं तेव्हा कोणता शासन निर्णय लागू होता, हे विचारून घ्यावं.

४. लिफाफे उघडणे: आधी तांत्रिक लिफाफा. त्यात ठेकेदाराची नोंदणी, अनुभव, कागदपत्रं तपासतात. त्यात पास झालेल्यांचाच दराचा लिफाफा उघडतो. ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याला काम.

५. कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर): काम कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं, हे यात लिहिलेलं असतं.

६. मोजमाप पुस्तिका (एमबी): झालेलं काम अभियंता मोजतो आणि या पुस्तिकेत लिहितो. बिल यावरच निघतं.

७. देयक (बिल) आणि पूर्णत्वाचा दाखला.

आपल्याकडे चर्चा बहुतेक तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचीच होते. टेंडर कोणाला मिळालं, कोणाच्या जवळच्याला मिळालं, एवढंच. गळती मात्र पहिल्या आणि सहाव्या पायरीवरही होते, आणि तिथे आपलं लक्ष नसतं.

पेटीतल्या टेंडरपासून पोर्टलपर्यंत

पूर्वी निविदा बंद पाकिटात कार्यालयातल्या पेटीत टाकाव्या लागत. कोरा फॉर्म विकत घ्यायलाही कार्यालयातच जावं लागे. फॉर्म कोणी कोणी नेला हे सगळ्यांना दिसायचं. मग नको असलेल्या माणसाला फॉर्म मिळायचा नाही, पेटीजवळ कोणाला फिरकू दिलं जायचं नाही, किंवा सगळे ठेकेदार आधीच बसून 'या वेळी तू, पुढच्या वेळी मी' असं ठरवायचे. यालाच 'रिंग करणं' म्हणतात.

यावर कायदे आले. तामिळनाडूने १९९८ मध्ये आणि कर्नाटकाने १९९९ मध्ये निविदा पारदर्शकतेचा कायदा केला. आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये ऑनलाइन निविदा सुरू केल्या. केंद्राने २०१२ मध्ये लोकसभेत सार्वजनिक खरेदी विधेयक मांडलं, पण ते मंजूर झालं नाही. त्यामुळे केंद्र सरकारची खरेदी आजही मुख्यतः २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांवर चालते. तयार वस्तूंच्या खरेदीसाठी ऑगस्ट २०१६ मध्ये 'जेम' हे सरकारी ऑनलाइन बाजारपेठेचं पोर्टल सुरू झालं. एप्रिल २०२३ मध्ये ते ग्रामपंचायतींच्या 'ई-ग्रामस्वराज' पोर्टलला जोडण्यात आलं.

मग ऑनलाइन टेंडरने फरक पडला का? अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने भारतातले प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे रस्ते आणि इंडोनेशियातली सरकारी बांधकामं तपासली. ऑनलाइन पद्धत सगळीकडे एकाच वर्षी आली नव्हती, त्यामुळे आधीची आणि नंतरची कामं ताडून पाहता आली. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या.

- सरकारला काम स्वस्तात पडलं, असं दिसलं नाही.
- बाहेरच्या भागातल्या ठेकेदारांना कामं मिळण्याचं प्रमाण वाढलं.
- भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारला आणि इंडोनेशियात कामं रखडण्याचं प्रमाण कमी झालं.

म्हणजे ऑनलाइन टेंडरचा फायदा खरा आहे, पण आपण समजतो तसा नाही. पैसे वाचले नाहीत. दार उघडल्यामुळे चांगलं काम करणारा ठेकेदार आत येऊ शकला, हा खरा फायदा. 'ऑनलाइन झालं म्हणजे भ्रष्टाचार संपला' हेही चुकीचं आणि 'ऑनलाइन म्हणजे नुसतं नाटक' हेही चुकीचं.

इंडोनेशियातल्या सहाशे गावांनी काय दाखवलं?

प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने आणि गावातल्या जागरूक तरुणाने ही हकीकत वाचावी अशी आहे.

इंडोनेशियाच्या जावा बेटावर २००३-०४ मध्ये बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने ६०० पेक्षा जास्त गावांतले रस्ते तपासले. सरकारी योजनेच्या पैशातून गावानेच बांधायचे हे छोटे रस्ते होते. वाळू, दगड आणि खडीचे. अगदी आपल्या पाणंद रस्त्यांसारखे. काम झाल्यावर अभियंत्यांनी प्रत्येक रस्ता जागोजागी खणून पाहिला. आत खरंच किती माल आहे ते मोजलं, मालाचा स्थानिक भाव काढला, मजुरांना विचारून मजुरीचा हिशोब मांडला. मग तो आकडा कागदावर दाखवलेल्या खर्चाशी ताडून पाहिला. सरासरी सुमारे २४ टक्के खर्चाचा हिशोब लागला नाही. म्हणजे शंभरातले चोवीस रुपये रस्त्यात सापडलेच नाहीत.

पैसा गेला कुठे? भाव वाढवून लावण्यात फार थोडा. बहुतेक गळती मालाच्या प्रमाणात होती. कागदावर दहा गाड्या खडी, रस्त्यात सात.

गळती थांबवण्यासाठी दोन उपाय करून पाहिले.

पहिला उपाय: काही गावांना आधीच सांगितलं, की तुमच्या कामाचं सरकारी ऑडिट नक्की होणार आणि त्याचा निकाल गावसभेत वाचून दाखवणार. एरवी अशा कामाचं ऑडिट होण्याची शक्यता शंभरात चारच होती. नुसत्या या इशाऱ्याने बेहिशोबी खर्च सुमारे ८ टक्क्यांनी खाली आला, म्हणजे शंभर रुपयांमागे आठ रुपये जास्तीचे रस्त्यात पडले. एक गंमतही झाली. ऑडिट येणार म्हटल्यावर काम पाहणाऱ्यांच्या नात्यातल्या लोकांना त्या कामावर मजुरी मिळण्याचं प्रमाण वाढलं. एक वाट बंद केली की माणूस दुसरी शोधतो, हे तिथेही तसंच.

दुसरा उपाय: गावसभेला जास्त लोक यावेत म्हणून शेकडो निमंत्रणं वाटली. काही गावांत लोकांना नाव न घालता तक्रार लिहिता येईल असे कागदही दिले. सभेला लोक वाढले, पण एकूण गळती फारशी कमी झाली नाही. मजुरीतली चोरी तेवढी घटली. मालातली चोरी तशीच राहिली.

याचं कारण सरळ आहे. मजुरी किती ठरली आणि किती मिळाली, हे मजुराला माहीत असतं. त्यात त्याचा स्वतःचा पैसा असतो, म्हणून तो सभेत बोलतो. पण रस्त्यात खडी किती पडली, जाडी किती, सिमेंटची पोती किती, हे सभेत बसलेल्या माणसाला सांगता येत नाही. त्याच्याकडे आकडाच नसतो. आणि आकडा नसला की नुसता आरडाओरडा होतो.

तक्रारीच्या कागदांचाही धडा आहे. गावच्या कारभाऱ्यांमार्फत वाटलेल्या कागदांचा उपयोग झाला नाही. शाळेतल्या मुलांच्या हातून थेट घरोघर गेलेल्या कागदांचा मात्र काही प्रमाणात झाला. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच हातून तक्रारीचा फॉर्म घ्यायचा असेल तर कोण लिहिणार?

आपल्याकडे गळती कुठे होते?

*तुकडे पाडणे.* एकच रस्ता, पण कामं तीन: 'वेशीपासून मारुती मंदिरापर्यंत', 'मारुती मंदिर ते शाळा', 'शाळा ते स्मशानभूमी'. प्रत्येक तुकडा ऑनलाइन निविदेच्या मर्यादेच्या जरासा खाली. मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे किंवा खरेदीचे असे भाग करणं नियमात बसत नाही. पण प्रत्येक तुकड्याची फाइल वेगळी असल्याने ते पटकन लक्षात येत नाही. एका महिन्यात, एकाच रस्त्यावर, जवळपास सारख्याच रकमेची तीन कामं दिसली तर विचारा.

*तीन कोटेशन, एकच माणूस.* तीन दुकानांची दरपत्रकं लागतात, म्हणून जो माल देणार तोच बाकीची दोनही आणून देतो. तिन्ही कागदांवर तारीख एकच, मजकूर एकच, अगदी शुद्धलेखनाच्या चुकाही सारख्याच. हे पकडायला अभियंता लागत नाही, तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले की पुरे.

*अटी अशा की एकच बसावा.* निविदेत अमुकच यंत्र, अमुकच अनुभव अशा अटी टाकायच्या, म्हणजे बाकीचे तांत्रिक लिफाफ्यातच बाद होतात. पोर्टलवर कोण बाद झाला हे दिसतं. चारांपैकी तीन बाद झाले असतील तर कारण विचारणं योग्य आहे.

*फार खाली गेलेला दर.* अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के 'बिलो' दर टाकून काम घेतलं की गावाला आनंद होतो, पैसे वाचले! पण हिशोब करा. ठेकेदाराला सिमेंट, डांबर, डिझेल बाजारभावानेच घ्यावं लागतं. त्यात नफा आणि इतर 'खर्च' धरला तर उरतं काय? मग एक तर मूळ अंदाजपत्रकच फुगवलेलं होतं, नाही तर जाडी कमी होणार. म्हणूनच ठराविक टक्क्यांपेक्षा खाली दर टाकणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतात. ती भरली का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

*अडकलेली बिलं.* ही बाजूही पाहायला हवी. काम पूर्ण होऊन महिनोन्महिने बिल मिळत नाही, ही ठेकेदारांची तक्रार खोटी नाही. बिल उशिरा मिळणार हे माहीत असलं की ठेकेदार उसन्या पैशाचं व्याज आधीच दरात धरतो. ज्याच्याकडे थांबण्याइतका पैसा नाही तो प्रामाणिक लहान ठेकेदार बाहेर फेकला जातो, मोठे आणि ओळखीवाले उरतात. वेळेवर बिल देणं हीसुद्धा खरेदीतली सुधारणाच आहे.

आकडा हातात असला की प्रश्न बदलतो

समजा गावात १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड सिमेंट रस्ता मंजूर आहे. काँक्रीट लागेल १०० × ३ × ०.१५ = ४५ घनमीटर. आता प्रत्यक्षात जाडी १२ सेंटीमीटरच भरली, तर काँक्रीट पडलं ३६ घनमीटर. फरक ९ घनमीटर. म्हणजे तीन ब्रासपेक्षा जास्त, मंजूर मालाच्या २० टक्के. घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट धरलं तर जवळपास ७२ पोती रस्त्यात आलीच नाहीत.

वरून पाहिलं तर रस्ता तसाच दिसतो. तीन सेंटीमीटर म्हणजे दोन बोटांची जाडी, ती कोणाच्या डोळ्याला दिसणार? पण काम चालू असताना कडेच्या फळीची उंची पट्टीने मोजली तर दोन मिनिटांत कळते. काँक्रीट घट्ट झाल्यावर तेच शोधायला रस्ता पोखरावा लागतो. म्हणून मोजायची वेळ काम चालू असतानाच. उद्घाटनानंतर उपयोग नाही.

मोबाइलवरून आणि गावातून काय तपासता येतं?

- महाटेंडर्स पोर्टलवर चालू निविदा, निविदेची सद्यस्थिती आणि निकाल लॉगिन न करता पाहता येतात. किती जणांनी निविदा भरल्या, कोण बाद झालं, हे तिथे शोधा.

- ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च पाहता येतो. झालेली कामं आणि दाखवलेला खर्च जुळतो का, ते बघा.

- शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. 'असा जीआर आहे' असं कोणी सांगितलं तर त्याचा क्रमांक आणि तारीख मागा.

- प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर माहितीफलक असतो. या रस्त्याची पाच वर्षं देखभाल करणं ठेकेदाराच्या करारातच असतं. त्या काळात खड्डे पडले तर नवीन टेंडरची वाट पाहायची गरज नाही. 'मेरी सडक' अॅपवर फोटोसह तक्रार करता येते.

- माहिती अधिकाराचा अर्ज: फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना ती नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. मिळालं नाही तर पहिलं अपील करता येतं.

अर्जात 'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. चारच कागद मागा: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयकाची प्रत. या चारांत जवळपास सगळं येतं. याच कायद्याने चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

दुसऱ्या देशाने काय केलं?

युक्रेनमध्ये २०१४ च्या आंदोलनानंतर स्वयंसेवक, व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांनी मिळून 'प्रोझोरो' नावाची ऑनलाइन खरेदी पद्धत उभी केली. ऑगस्ट २०१६ पासून ती सर्व सरकारी कार्यालयांना बंधनकारक झाली. निविदा संपल्यावर कोणी किती दर दिला, कोणाला का बाद केलं, करार काय झाला, हे सगळं कोणालाही पाहता येतं. शेजारी 'डोझोरो' नावाचं वेगळं पोर्टल आहे, तिथे नागरिक आणि संस्था संशयास्पद निविदा शोधून प्रश्न विचारतात. तिथेही सगळं सुरळीत झालेलं नाही. पण माहिती उघडी ठेवणं ही एक गोष्ट आणि ती वाचणारा माणूस असणं ही दुसरी, हे त्यांनी सुरुवातीलाच ओळखलं.

आपल्याकडे हेच काम कागदावर झालं होतं. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची बिलं आणि हजेरीपटातली नावं लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. माहिती अधिकाराच्या चळवळीला त्यातून मोठं बळ मिळालं आणि २००५ मध्ये देशाचा कायदा झाला. तिथेही ताकद कागद लोकांसमोर वाचण्यात होती.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच करा

पोर्टल झालं, कायदा झाला, अॅप झालं. पण इंडोनेशियातल्या गावांनी दाखवलं, की नुसती गर्दी जमवून माल वाचत नाही. मोजणी होणार आणि ती सर्वांसमोर वाचली जाणार, ही खात्री असली की वाचतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत एकच ठराव मांडा: गावातल्या प्रत्येक कामाची लांबी, रुंदी, जाडी, मंजूर रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि मुदत काम सुरू होण्याआधी फलकावर लागेल, आणि अंतिम बिल निघण्याआधी मोजमाप पुस्तिकेतले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवले जातील. ज्याचं काम चोख आहे त्या सरपंचाला, अभियंत्याला किंवा ठेकेदाराला याची अडचण वाटायचं कारण नाही. उलट पारावरच्या खोट्या आरोपांतून त्यांची सुटका होईल.

आणि काम सुरू असेल त्या दिवशी एक मोजपट्टी घेऊन जा. भांडायला नाही, मोजायला. फळीजवळ पट्टी धरून फोटो काढा, तारखेसह जपून ठेवा. दोन बोटांच्या जाडीत ७२ पोती असतात, हे लक्षात ठेवा.